माहिती तंत्रज्ञान उद्योगातील असंतोष : निर्गमन की आवाज?

भारतातील माहिती तंत्रज्ञान उद्योगात वेतन अन्य अनेक क्षेत्रांपेक्षा बरे असते, तरीही तेथील कर्मचाऱ्यांचा असंतोष वारंवार प्रकट होतो. त्याची मुळे कामाच्या रचनेत आहेत. न्यूयॉर्कमधील सकाळचे 10 म्हणजे हिवाळ्यात भारतातील रात्रीचे साडेआठ. दिवसभर काम केलेला अभियंता त्या वेळी ग्राहकाबरोबरच्या बैठकीस बसतो. प्रकल्प ठरावीक किमतीस घेतलेला असल्यास वाढीव तासांचे मूल्य कोणाच्याही देयकात दिसत नाही. ते कर्मचाऱ्याच्या कौटुंबिक वेळेतून वसूल होते.

मूल्यमापनाची पद्धत हे दुसरे कारण होय. जॅक वेल्च यांच्या कारकिर्दीत अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीमुळे सक्तीची क्रमवारी प्रसिद्धीस आली. दहा जणांच्या चमूतील एकास तळाशी ठेवणे बंधनकारक असेल, तर दहाही जणांनी उत्तम काम केले तरी एकाचे नुकसान अटळ ठरते. अशा स्थितीत सहकाऱ्यास मदत करणे म्हणजे स्वतःची क्रमवारी धोक्यात घालणे. सहकार्यावर चालणाऱ्या उद्योगात ही पद्धत इतकी वर्षे टिकली, हेच आश्चर्य! मायक्रोसॉफ्टने ती 2013 मध्ये सोडून दिली.

असंतुष्ट कर्मचारी काय करतो? अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी 1970 मध्ये 'निर्गमन, आवाज आणि निष्ठा' ही संकल्पनात्रयी मांडली. नायजेरियातील रेल्वेच्या कारभाराला कंटाळलेले व्यापारी मालमोटारींकडे वळले. तक्रार करू शकणारे ग्राहकच निघून गेल्याने रेल्वे व्यवस्थापनावर सुधारणेचा दबाव उरला नाही. सॉफ्टवेअर कंपन्यांतही बोलू शकणारा, कुशल अभियंता प्रथम बाहेर पडतो. सन 2022 मध्ये काही मोठ्या भारतीय कंपन्यांत नोकरी सोडण्याचे वार्षिक प्रमाण 20 टक्क्यांहून अधिक होते. पुढे मागणी मंदावताच ते घसरले. हे घसरलेले प्रमाण समाधानाचे लक्षण मानणे चुकीचे ठरेल. बाहेरचे दार अरुंद झाले, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. तीन महिन्यांचा सूचना कालावधी हे दार आणखी अरुंद करतो, कारण नवा मालक तितका काळ थांबेलच असे नाही.

मग उरतो आवाज. कर्नाटकाने या उद्योगास 1946 च्या स्थायी आदेश कायद्यातून सूट दिली आणि ती वेळोवेळी वाढवली. मात्र तक्रार निवारणाची व्यवस्था ठेवण्याची अट त्यास जोडली. औद्योगिक संबंध संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. तिच्यानुसार 20 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती आवश्यक असून तीत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असतात. स्थायी आदेशांसाठी मात्र 300 कामगारांची मर्यादा आहे.

विद्यार्थ्यांची गल्लत होते ती 'कामगार' या व्याख्येत. दरमहा 18,000 रुपयांची वेतनमर्यादा केवळ पर्यवेक्षकीय कामास लागू आहे. तांत्रिक काम करणारा अभियंता त्याहून कितीतरी अधिक वेतन घेत असला, तरी तेवढ्यावरून व्याख्येबाहेर जात नाही. व्यवस्थापकीय काम करणारा मात्र वगळला जातो. या उद्योगात थोड्याच वर्षांत 'लीड', 'मॅनेजर' अशी पदनामे मिळतात आणि त्यांच्या आधारे कंपनी संरक्षण नाकारू शकते. परंतु न्यायालये पदनामावर न थांबता प्रत्यक्ष कामाचे मुख्य स्वरूप तपासतात.