कार्यप्रणाली बसविताना दगा देणारी हार्ड डिस्क : परीक्षा व उपाय

आपल्या पेढ्यांवर संगणक येऊन आता बराच काळ लोटला आहे. रोजकीर्द, खतावणी, मालाचा साठा, उधारीच्या याद्या आणि जीएसटीची विवरणपत्रे ही सर्व आज त्याच्याच स्वाधीन आहेत. मायक्रोसॉफ्ट कंपनीने दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपुष्टात आणला आणि जुन्याच यंत्रावर नवी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, बसविण्याचे काम पुष्कळ ठिकाणी निघाले. अशा वेळी एक अनुभव वारंवार येतो. काम निम्म्याच्या पुढे जाते, कोठेतरी आकडा अडून बसतो, तासभर हलत नाही, आणि अखेरीस पडद्यावर चुकीची सूचना उमटते. मग विंडोजला दोष दिला जातो, पुन्हा प्रारंभ होतो, आणि पुन्हा तेच घडते. या प्रसंगी दोष पुष्कळदा कार्यप्रणालीचा नसून ज्या हार्ड डिस्कवर ती बसवावयाची, त्या डिस्कचा असतो. तो ओळखावा कसा आणि ओळखल्यावर काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

आधी या प्रकरणात पणास काय लागलेले असते ते पाहू. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे कोणत्याही वर्षाचे हिशेब, त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवणे प्रत्येक नोंदणीकृत व्यापाऱ्यास बंधनकारक आहे. ज्यांची पेढी कंपनी या स्वरूपात आहे त्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याने आठ आर्थिक वर्षांची पुस्तके राखावी लागतात. नवी डिस्क बाजारात काही हजार रुपयांत मिळते, पण सहा वर्षांची खतावणी कोणत्याही दुकानात मिळत नाही. यास्तव काम अडले की पहिला प्रश्न 'हे पुढे कसे न्यावे' हा नसून 'या डिस्कवर असे काही आहे काय, की ज्याची दुसरी प्रत कोठेच नाही' हा असावयास पाहिजे. उत्तर होकारार्थी असेल, तर यंत्र बंद करावे आणि हात आवरावा. 'नेक्स्ट' आणि 'फॉरमॅट' ही बटणे दाबण्याची घाई त्या घटकेस परवडणारी नसते.

रोजच्या वापरात ठीक चालणारी डिस्क नेमकी याच वेळी का अडते, असा प्रश्न साहजिकच पडेल. हार्ड डिस्कच्या आत चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरत असतात, आणि वाचन-लेखन करणारे हेड त्यांच्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असते. एका टेराबाइटच्या डिस्कवर ५१२ बाइटांचे एक याप्रमाणे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर मोजले जातात. पेढीवरील नित्याच्या कामात यांतील फार थोडे सेक्टर रोज वाचले जातात. बाकीचे वर्षानुवर्षे कोणी उघडूनही पाहत नाही. गोदामाच्या मागील भिंतीकडील थप्पी हलविली म्हणजेच तळच्या पोत्यांस लागलेली ओल दिसते, तसेच येथे होते. नवी कार्यप्रणाली कित्येक गिगाबाइटांचा मजकूर डिस्कवर उतरविते व तो लगेच परत वाचते. त्यात एखादा नादुरुस्त सेक्टर लागला म्हणजे डिस्क स्वतःच त्याच जागी पुनःपुन्हा प्रयत्न करीत राहते आणि पडद्यावरील आकडा गोठतो.

लक्षणे ठरावीक आहेत. शून्य-एक्स-८००७०५७० या क्रमांकाची चूक फाइल बिघडलेली अथवा वाचता न येण्यासारखी आहे असे सांगते, आणि शून्य-एक्स-८००७०४५डी ही साधनाशी देवाणघेवाण करताच आली नाही असे सांगते. विभाग निवडण्याच्या यादीत डिस्क कधी दिसते, कधी नाहीशी होते. यंत्रातून ठरावीक अंतराने 'टक् टक्' असा आवाज येऊ लागला तर ते लक्षण सर्वांत वाईट समजावे. हेड आपली जागा शोधीत असून ती त्यास सापडत नाही, असा त्याचा अर्थ बहुधा होतो, आणि अशी डिस्क चालू ठेवण्याचा प्रत्येक मिनिट नुकसानीचा असतो.

तथापि एवढ्यावरूनच डिस्कला दोषी ठरविणे न्यायाचे होणार नाही. वर सांगितलेली पहिली चूक ज्या पेनड्राइव्हवरून कार्यप्रणाली बसवीत आहोत तो सदोष असला, त्यावरील प्रत अपुरी उतरली असली किंवा संगणकाची रॅम बिघडली असली तरीही उमटते. म्हणून एका वेळी एकच वस्तू बदलून पाहावी. प्रथम दुसरा पेनड्राइव्ह घेऊन मूळ प्रत अधिकृत ठिकाणाहून नव्याने उतरवावी, नंतर मेमटेस्ट या साधनाने रॅमची परीक्षा घ्यावी, आणि मग डिस्कची साटा केबल व वीजपुरवठ्याची जोडणी पाहावी. चार वस्तू एकदम बदलल्या आणि काम झाले, तर दोष कशात होता हे कळत नाही आणि सदोष वस्तू पेढीत तशीच फिरत राहते. आणखी एक गल्लत होते ती अशी : डिस्कवर एमबीआर पद्धतीची विभागणी असल्यामुळे येथे बसविता येणार नाही, अशी सूचना कधी कधी येते. ही डिस्कच्या प्रकृतीची तक्रार नव्हे, केवळ रचनेची अडचण आहे. परंतु तिच्यावर तोड म्हणून 'क्लीन' ही आज्ञा देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि ती आज्ञा सर्व विभागांची नोंद एका क्षणात पुसून टाकते. हिशेबाची प्रत हाती नसताना ही आज्ञा कोणासही देऊ देऊ नये.

डिस्कचा खरा साक्षीदार तिच्या आतच बसलेला असतो. स्मार्ट या नावाच्या व्यवस्थेने प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची एक खातेवही ठेवीत असते. अडलेल्या यंत्रावर ती पाहावयाची असल्यास उबंटू ही कार्यप्रणाली पेनड्राइव्हवरून, डिस्कवर काही न बसविता, चालू करावी आणि तीतील 'डिस्क्स' हे साधन उघडावे. डिस्क दुसऱ्या विंडोज संगणकास जोडता आली तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन तेच काम करते. नोंदी पुष्कळ असल्या तरी आपणांस चारच पाहावयाच्या आहेत. ५ क्रमांकाची नोंद खराब ठरलेल्या किती सेक्टरांच्या जागी राखीव सेक्टर दिले गेले ते सांगते. १९७ क्रमांकाची नोंद वाचता न आलेले व निर्णयाची वाट पाहणारे सेक्टर मोजते, तर १९८ क्रमांकाची नोंद डिस्कने स्वतः केलेल्या तपासणीत दुरुस्त न होऊ शकलेले. क्रिस्टलडिस्कइन्फोत हेच दोन आकडे सी५ व सी६ असे दिसतात. या तिन्ही नोंदी शून्य असाव्यात. चौथी नोंद १९९, म्हणजे सी७, वेगळ्या जातीची आहे. ती केवळ वाढत असेल तर संशय डिस्कवर न घेता केबलवर घ्यावा, आणि थोड्या रुपयांची केबल बदलून पुन्हा पाहावे.

या नोंदींवर विश्वास किती ठेवावा? गूगल कंपनीच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या मानाने ३९ पट अधिक, असे त्यांना दिसले. पण त्याच अभ्यासात निकामी झालेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी चार प्रमुख नोंदींपैकी एकीतही पूर्वसूचना दिलेली नव्हती. तात्पर्य, नोंद वाईट असेल तर ती खरी मानावी, आणि नोंद चांगली असेल तर तिला जामीन समजू नये.

येथे एका फसव्या बरेपणाविषयी विस्ताराने सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. वाट पाहणाऱ्या सेक्टरवर नवीन मजकूर लिहिला गेला की डिस्क त्याचा निकाल लावते : लिहिणे साधले तर तो सेक्टर पुन्हा चांगला मानते, न साधले तर त्याच्या जागी राखीव सेक्टर देते. दोन्ही प्रकारी १९७ चा आकडा उतरतो. म्हणून डिस्कला पूर्ण फॉरमॅट दिल्यावर दुसऱ्या प्रयत्नात कार्यप्रणाली सुरळीत बसते, कारागीर हसतमुखाने बिल देतो, आणि पेढीवर सर्वांस हायसे वाटते. वस्तुतः रोग गेलेला नसतो. चकतीचा लेप झिजत असेल किंवा हेड अशक्त झाले असेल तर नवे सेक्टर जात राहतातच, आणि आता त्यांच्यावर या वर्षाचे हिशेब असतात. फॉरमॅटनंतर आठ दिवसांनी ५ व १९७ या नोंदी पुन्हा पाहिल्या आणि आकडा वाढलेला दिसला, तर त्या डिस्कवर एकही बीजक ठेवू नये.

जुना मजकूर सोडवावयाचा असेल तर क्रमाला महत्त्व आहे. डिस्क वाचता येत असल्यास सर्वप्रथम हिशेबाची मूळ फोल्डरे, म्हणजे टॅलीची डेटा फोल्डर वगैरे, दुसऱ्या साधनावर उतरवून घ्यावीत. छायाचित्रे व इतर पसारा मागाहून. डिस्क अडखळत असल्यास जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन वापरावे. ते प्रथम सहज वाचता येणारा भाग उतरविते, अवघड जागांची नोंद नकाशा-फाइलमध्ये ठेविते, आणि मग त्या जागांकडे परत वळते. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी तेथूनच पुढे जाता येते. मात्र कोणती डिस्क उगमाची आणि कोणती उतरवून घेण्याची हे दोनदा तपासावे, कारण उलटसुलट झाल्यास रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. विंडोजची 'चेकडिस्क' ही दुरुस्तीची आज्ञा प्रत घेण्यापूर्वी कदापि चालवू नये. ती फाइलांची रचना जुळविण्यासाठी डिस्कवर लिहिते आणि आधीच थकलेल्या हेडला संपूर्ण पृष्ठभागावर फिरविते. डिस्क शीतपेटीत ठेवण्याचा जो उपाय ऐकीव आहे, त्याने आत दव धरते. तो न केलेलाच बरा. टकटक आवाज येत असेल तर घरगुती उपाय सोडून स्वच्छ कक्ष असलेल्या तज्ज्ञांकडे जावे. त्यांचा आकार मोठा असतो, पण हिशेबाची दुसरी प्रत नसेल तर गत्यंतर नाही.

एसएसडीची रीत निराळी. तीत फिरणारे काही नसल्यामुळे आवाज नाही, अडखळणेही थोडे. ती पुष्कळदा एकाएकी यादीतून नाहीशी होते, किंवा केवळ वाचू देते व लिहू देत नाही. अशा वेळी वाचता येत आहे तोवर उतरवून घ्यावे.

नवी डिस्क बसविताना जुनी डिस्क यंत्रातून काढून ठेवावी. दोन्ही जोडलेल्या असल्यास विंडोज आपल्या प्रारंभाच्या फाइला जुन्या डिस्कवरच ठेवण्याचा संभव असतो, आणि मग ती मेली की नवीही सुरू होत नाही. जुन्या डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली आधी हुडकून ठेवावी. तिच्यावाचून उतरविलेली प्रत निरुपयोगी आहे. नव्या यंत्रावर हिशेबाचा कार्यक्रम उघडून मागील प्रत्येक वर्षाची अखेरची शिल्लक मुनीमजींकडील छापील ताळेबंदाशी ताडून पाहावी. फोल्डर दिसते एवढ्यावर समाधान मानू नये. ती सर्व वर्षे जुळेपर्यंत जुन्या डिस्कवर तारीख व 'सदोष' असे लिहून ती तिजोरीत ठेवावी, आणि जुळल्यानंतर भंगारात देण्यापूर्वी तिच्या चकत्या फोडून टाकाव्यात, कारण तिच्यावर आपल्या गिऱ्हाइकांचीही खाती आहेत.