पडद्यावरील टक्कर व रस्त्यावरील टक्कर

विद्यार्थी मित्रहो, संगणकावरील मोटारशर्यतींच्या खेळांत कोणत्या खेळांतील गाडी अधिक हुबेहूब चेपते, याविषयीं तुम्हांमध्यें नेहमीं वाद चालतो. हा वाद अगदींच व्यर्थ नव्हे. त्यांत पदार्थविज्ञानाचा एक उत्तम धडा आहे.

१९९७ सालीं निघालेल्या ‘ग्रॅन टुरिस्मो’ या जपानी खेळांत गाडी भिंतीवर कितीही वेगानें आदळली तरी ती चेपत नसे. याच्या उलट २०१३ सालीं पुढें आलेल्या ‘बीमएनजी ड्राइव्ह’ या जर्मन खेळांत गाडी अनेक बिंदू व त्यांस जोडणारे दांडे यांची कल्पिलेली असते. टक्कर होतांच संगणक दांड्यांवरील ताण मोजतो. मर्यादा ओलांडली कीं दांडा वांकतो किंवा तुटतो.

आतां खरी परीक्षा पाहूं. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेंत गाड्या खरोखरच आदळवून पाहतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ योजनेंत समोरच्या टकरीचा वेग ताशी ६४ किलोमीटर असतो. आंत मापकयंत्रें बसविलेले पुतळे असतात, व त्यांच्या डोक्यास, मानेस, छातीस किती आघात पोहोंचला हें तपासतात. गाडीचें नाक चेपावें अशीच तिची रचना असते. कारण चेपतांना तें टकरीची ऊर्जा शोषून घेतें व बसणाऱ्यांची जागा शाबूत राहते.

वेग दुप्पट झाला कीं ही ऊर्जा चौपट होते. ताशी ६४ किलोमीटर वेगानें आदळणें म्हणजे सुमारें १६ मीटर उंचीवरून, अर्थात् पांच मजली इमारतीवरून, खालीं पडणें होय!

टक्कर एक दिसली तरी आघात तीन असतात : गाडी अडथळ्यावर आदळते, शरीर गाडीवर, आणि शरीरांतील मेंदू व हृदय हाडांच्या पिंजऱ्यावर. खेळ पहिला आघात हुबेहूब दाखवितो. उरलेले दोन दाखवीत नाहीं. शिवाय तेथें एक कळ दाबली कीं गाडी पुन्हां नवी होते. नांदेड-लातूर मार्गावर, लोह्याजवळ किंवा अहमदपुराजवळ, अशी कळ कोणाच्याही हातीं नाहीं.

पालकांनींही एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयी मुलाकडून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. पण दंड भरून गेलेलें मूल परत येत नाहीं.

अभ्यास : ताशी ९६ किलोमीटर वेगाची टक्कर किती उंचीवरून पडण्यासारखी होईल, तें घरीं गणित करून काढा, आणि उत्तर वडिलांस दाखवा.