स्वेटर कापायला घेताना

३० जानेवारी २०१९ला सकाळी मिनियापोलिसमध्ये पारा उणे ३३ सेल्सिअसवर गेला होता. शाळांना सुट्टी जाहीर झाली. त्याच्या दोनच दिवस आधी माझी सात वर्षांची मुलगी बसथांब्यावरून रडत घरात आली. दुकानातून आणलेले पाच बोटांचे छान हातमोजे हातात होते, पण आतली बोटं पांढरीफटक पडली होती. संध्याकाळी शेजारच्या आजी एक जोडी घेऊन आल्या. जुन्या स्वेटरचे शिवलेले मिटन होते ते. अंगठा वेगळा आणि बाकीची चारही बोटं एकाच खोळीत. बोटं एकमेकांना चिकटून राहतात, एकमेकांची ऊब घेतात, म्हणून मिटन पाच बोटांच्या मोज्यापेक्षा नेहमीच जास्त उबदार. मुलीच्या हातातून ती जोडी पुढे मार्चपर्यंत निघाली नाही.

त्या हिवाळ्यापासून मी मिटन शिवते आहे. आतापर्यंत शंभराच्या वर जोड्या झाल्या. त्यातून जे हाती लागलं ते सांगते.

१. आधी लेबल वाचा.

हा धडा मला आईच्या स्वेटरनं शिकवला. पुण्याहून येताना आईनं विणलेला हिरवा स्वेटर आणला होता. त्याची वीण सुटली होती, म्हणून पहिला प्रयोग त्याच्यावरच केला. तीनदा गरम पाण्यातून काढला, तरी जसाच्या तसा. मग लक्षात आलं की आपण ‘लोकर’ म्हणतो ते सगळंच मेंढीचं नसतं. दुकानात लोकरीचे गुंडे म्हणून मिळतात, त्यातले बरेचसे ॲक्रिलिकचे असतात. ॲक्रिलिक आटत नाही, घट्ट होत नाही. लेबल नसेल तर एक धागा काढून चिमट्यात धरा आणि सिंकवर पेटवून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास मारते, ज्योत बाजूला नेली की विझते आणि राख बोटांत चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो.

लेबलवर शंभर टक्के लोकर असेल तर उत्तम, ऐंशीपर्यंत चालतं. मात्र शंभर टक्के लोकर असूनही ‘मशीनमध्ये धुवा’ असं लिहिलं असेल तर तो स्वेटर ठेवून द्या. कारण पुढे येतंच आहे.

२. जे करू नका म्हणून आयुष्यभर ऐकलं, तेच करायचं.

लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घालू नये, चोळू नये, पिळू नये. इथे तिन्ही करायचं. मेंढीच्या केसावर बारीक खवले असतात, माशाच्या अंगावर असतात तसे. गरम पाणी आणि साबण यांनी ते उघडतात, घुसळलं की एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. स्वेटर आटतो, जाड होतो, विणीची घरं दिसेनाशी होतात. मशीनमध्ये धुण्याजोग्या लोकरीवरचे हेच खवले कारखान्यात घालवलेले किंवा झाकलेले असतात, म्हणून ती घट्ट होत नाही.

मी स्वेटर उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधते. पहिल्या वर्षी हे केलं नव्हतं. सुटलेल्या लोकरीच्या बोळ्यानं मशीनचा पंप तुंबला आणि दुरुस्तीचा खर्च त्या हिवाळ्यातल्या सगळ्या स्वेटरांपेक्षा जास्त आला. अभ्र्यासोबत एक जुनी जीन्स टाकायची, तिच्यावर घासून काम लवकर होतं. सगळ्यांत गरम पाणी लावायचं आणि दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघायचं. मोठ्या माणसाचा स्वेटर आठ-दहा वर्षांच्या मुलाला बसेल एवढा झाला की थांबायचं. जास्त वेळ राहिला तर पुठ्ठ्यासारखा होतो आणि मग अंगठ्याची गोलाई वळत नाही.

झाला की नाही हे कळायची खूण एकच. कोपऱ्यात कात्रीनं छोटासा काप द्या. कडेनं धागा निघाला तर पुन्हा पाण्यात. निघाला नाही तर ते कापड झालं. पहिल्यांदा असं कापड हातात आलं तेव्हा मला आजोळच्या घोंगडीची आठवण आली. सणगर घोंगडी विणतात तेव्हा सुताला चिंचोक्याची खळ लावतात. त्यामुळे नवी घोंगडी हाताला कडक लागते, वर्षानुवर्षं वापरून मऊ होते. इथे उलटं होतं, मऊ स्वेटर दणकट होतो. पण पावसाचं पाणी आणि वारा अडवायचा गुण तोच. तो मेंढीचाच आहे.

३. बॉर्डर वाया घालवू नका.

स्वेटरच्या खालची एक सुलट, एक उलट विणीची बॉर्डर म्हणजे आयतं मनगट. कागदी पॅटर्न ठेवताना मनगटाची बाजू त्या बॉर्डरवर यायला हवी. तिथे दुमड घालायला नको, इलॅस्टिक नको, आणि ती कोटाच्या बाहीत नीट शिरते. बाह्यांच्या बॉर्डरीतून लहान मुलांच्या जोड्या निघतात. पॅटर्नसाठी स्वतःचा हात कागदावर ठेवून रेघ मारा आणि सगळीकडून दीड सेंटिमीटर जास्त सोडा. पाठीचा भाग एक, तळव्याचे दोन, त्यातच अंगठा. मशीनला जाड सुई लावा, शिलाई झाल्यावर आतली कड बारीक कापा. अंगठा आणि तळवा जिथे भेटतात तिथे दोनदा शिवा, मिटन नेहमी तिथेच फाटतं.

४. दुसऱ्या हाताला पॅटर्न उलटा ठेवा.

कापायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर खडूनं ‘डा’ आणि ‘उ’ लिहा. दोन डावे हात झाले की लोकर परत मिळत नाही.

५. अस्तर टाळू नका.

नुसती लोकर काहींना टोचते आणि जोराचा वारा तिच्यातूनही थोडा जातोच. मी आत फ्लीस घालते, पॅटर्नपेक्षा थोडं लहान कापून, म्हणजे आत गोळा होत नाही. २० जानेवारी २०२१ला बायडेन यांच्या शपथविधीत सिनेटर बर्नी सँडर्स मांडीवर हात ठेवून खुर्चीत बसले होते. त्यांच्या हातातले तपकिरी-पांढरे मिटन जगभर गाजले. ते व्हरमाँटमधल्या जेन एलिस या शिक्षिकेनं जुन्या स्वेटरांतूनच शिवले होते आणि आतलं फ्लीस प्लॅस्टिकच्या टाकाऊ बाटल्यांपासून केलेलं होतं. त्या आठवड्यात मला ओळखीच्या अनेकांचे फोन आले. एका मराठी मंडळातल्या काकूंनी त्याच संक्रांतीला वाण म्हणून द्यायला दहा जोड्या मागितल्या होत्या. त्यांचं म्हणणं होतं, “प्लॅस्टिकचे डबे लुटण्यापेक्षा हे बरं, अंगाला तरी लागेल.” मला ते मनापासून पटलं.

६. उरलेल्या तुकड्यांचा डबा ठेवा.

बाह्यांचे मोठे तुकडे पाण्याच्या बाटलीला खोळ होतात. दोन थर काजाच्या टाक्यानं जोडले की गरम भांड्याखाली ठेवायला चौकोन होतो. खरी लोकर वितळत नाही, म्हणून त्यासाठी ती चांगली. ॲक्रिलिक मिसळलेला तुकडा मात्र गरम भांड्याजवळ नेऊ नका. अगदी बारीक चिंध्या टाचण्या खोचायच्या उशीत भरते.

इथे टाकून दिलेल्या स्वेटरांपैकी कितीतरी गठ्ठे बांधून पानिपतला जातात. तिथे ते रंगांनुसार वेगळे करतात, फाडतात, पिंजतात आणि पुन्हा सूत काढून त्याची ब्लँकेटं विणतात. ही कला इंग्लंडमधल्या बॅटलीच्या बेंजामिन लॉनं १८१३च्या सुमारास सुरू केली. दोनशे वर्षांनंतरही त्या लोकरीत अर्थ आहे, मग आपल्या डब्यातल्या मूठभर तुकड्यांत का नसावा?

७. कसर घरात आणू नका.

वापरलेल्या कपड्यांच्या दुकानातून आणलेला प्रत्येक स्वेटर आधी उजेडात धरून भोकं बघते. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवते. त्यानंतरच तो कपाटात जातो. डांबरगोळ्या मी वापरत नाही, मिटन मुलं तोंडाला लावतात.

८. आठवणीच्या स्वेटरला कात्री लावता येते.

बाबा एकदाच आमच्याकडे आले होते, ऑक्टोबरात. त्यांच्यासाठी इथे तपकिरी रंगाचा स्वेटर घेतला होता. बाबा गेल्यावर आईनं तो माझ्याकडे पाठवला. तीन वर्षं तो ट्रंकेत घडी घालून होता. दर हिवाळ्यात काढायची, वास घ्यायची, परत ठेवायची. एका वर्षी कोपराजवळ भोक दिसलं. मी फोनवर आईला म्हटलं, “आई, बाबांच्या स्वेटरला कसर लागली गं.” ती म्हणाली, “मग वाट कसली बघतेस? आजीची नऊवारी विरली म्हणून कुणी टाकली का? गोधडी शिवली ना तिची. काप तू.”

रात्रीच कापायला घेतला. भोकाचा भाग टाळून दोन जोड्या निघाल्या. एक मुलीची, एक माझी. छातीवरची बटणं मनगटांवर लावली. बाह्यांच्या उरलेल्या तुकड्यांतून दोन जाड चौकोन शिवले आणि पुण्याला जाणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर आईला पाठवले. सकाळच्या चहाचं पातेलं ती आता त्यांनीच उतरवते.