वस्तूची ओळख : नक्षीत की कामात?



कारखान्यात हजारोंनी तयार होणाऱ्या वस्तूला देश असतो काय? खुर्ची, किटली, घड्याळ ह्या वस्तू आज कोठेही बनतात आणि कोठेही विकल्या जातात. तरीही आपल्या मालावर आपली ओळख दिसावी असे प्रत्येक राष्ट्राला वाटते. कारखान्यात बनणाऱ्या वस्तूचा आकार, माप व बांधणी विचारपूर्वक ठरविण्याच्या विद्येस औद्योगिक डिझाइन म्हणतात. भारत व इस्राएल ह्या आपल्या दोन्ही देशांतील उदाहरणे घेऊन आपण एकच प्रश्न पाहू : राष्ट्राची ओळख वस्तूवरील नक्षीत असते की तिच्या कामात?

प्रथम भारताचे उदाहरण घेऊ. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स व रे ईम्स हे अमेरिकन डिझाइनकार दांपत्य भारतात आले आणि १९५८ साली त्यांनी आपला अहवाल दिला. भारतात पाहिलेल्या सर्व वस्तूंत त्यांनी सर्वाधिक वाखाणणी केली ती आपल्या साध्या लोट्याची! लोट्यात पाणी किती मावावे, भरलेला लोटा कमरेवर वा डोक्यावर कसा तोलावा, ओतताना धार कशी पडावी, आत हात घालून तो घासता यावा म्हणून तोंड किती रुंद असावे, धातू किती लागावा, असे अनेक प्रश्न त्यांनी मांडले. ही सारी उत्तरे एका माणसाने शोधलेली नाहीत, ती पिढ्यान्‌पिढ्या वापरातून घडली, असे त्यांचे मत होते. त्या अहवालातून पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. लोट्यावर एकही फूल कोरलेले नसले तरी तो भारतीयच, हे ध्यानात घ्यावे.

आता इस्राएलकडे वळू. १९०६ साली बोरिस शात्स ह्यांनी यरुशलेम येथे बेत्सालेल ही कलाशाळा स्थापन केली. पितळ, चांदी व गालिचे ह्यांवर पवित्र शास्त्रातील प्रसंग, खजुराची झाडे आणि इब्री अक्षरे कोरून वा विणून नवी यहुदी कला निर्माण करावी, हा त्यांचा हेतू होता. काम सुंदर होते. पण वस्तूंचा घाट पुष्कळदा युरोपचा किंवा दमास्कसच्या धातुकामाचा असे आणि यहुदीपण वरून चढविलेले असे. १९२९ साली ही शाळा बंद पडली व १९३५ साली पुन्हा सुरू झाली. तेव्हा जर्मनीतून आलेल्या शिक्षकांनी साध्या, स्वच्छ घाटाचा आग्रह धरला. त्यांपैकी लुडविग वोल्पर्ट ह्यांनी १९३० सालीच पेसाहच्या सेदरसाठी चांदी, एबनी लाकूड व काच ह्यांचे मजली तबक तयार केले होते. त्यावर वेलबुट्टी नाही. सेदरची मांडणी हाच त्या तबकाचा घाट.

दुसरे उदाहरण घरगुती आहे. १९४९ ते १९५९ ह्या काळात इस्राएलात टंचाईमुळे अन्नाचे रेशनिंग होते. बहुतेक घरांत ओव्हन नव्हता. तेव्हा 'सीर पेले' म्हणजे 'अद्भुत भांडे' घरोघर आले. ॲल्युमिनियमचे हे भांडे मधोमध पोकळ नळी असलेले. खाली जाड धातूची चकती, वर भोके पाडलेले झाकण. चकतीमुळे आच सारखी पसरे, नळीतून उष्णता वर जाई आणि रॉकेलच्या स्टोव्हवर केक भाजून निघे. त्यावर ना दाविदाचा तारा, ना मेनोरा. तरी त्या पिढीच्या इस्राएली माणसाला ते पाहताच आपले घर आठवते.

आता आपल्या बेने इस्राएल स्वयंपाकघरात येऊ. कोकणातील विळीच्या टोकास दातेरी खवणी असते. पाटावर पाय देऊन बसले की दोन्ही हात नारळ खवण्यास मोकळे राहतात. ही रचना जमिनीवर बसून काम करणाऱ्या घराची. इस्राएलात उभ्याने स्वयंपाक आला आणि विळी मागे पडली. मुंबईतही ओटा आल्यावर हेच घडले. त्याजागी ओट्याला चिकटून बसणारी, दांडा फिरवून चालणारी खवणी आली. मग आपली ओळख गेली काय? आम्हाला तसे वाटत नाही. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून आपल्या रश्शात नारळाचा रस असतो. चिकाच्या हलव्यातही तोच आणि मलिद्यावर खवलेले खोबरे. जोवर हे काम चालू आहे, तोवर नवी खवणीही आपलीच.

उलट, लोटा किंवा विळी नुसती काचेच्या कपाटात ठेवली आणि ती कशासाठी होती हे मुलांना सांगितले नाही, तर ती बाजारातील शोभेची वस्तू होऊन बसेल. ज्यांच्या हातांना ही कामे ठाऊक आहेत ती वडीलधारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. म्हणून घरातील एक जुनी वस्तू मुलांपुढे ठेवावी आणि पुढील प्रश्न विचारावेत :

१. ही वस्तू कोणत्या कामासाठी झाली?
२. ती वापरताना माणूस बसे की उभा राही?
३. तिचा धातू किंवा लाकूड तेच का?
४. कोणत्या सणाशी वा नियमाशी तिचा संबंध आहे?
५. ते काम आज आपण कशाने करतो?

उत्तरे मराठीत व इब्रीत लिहून वस्तूसोबत ठेवावीत. नातवंडे उद्या डिझाइनकार झाली, तर कोरण्याजोग्या नक्षीपेक्षा ही उत्तरेच त्यांच्या अधिक उपयोगी पडतील.