एका दिवसात कल्याणी

मुडबी हे गाव ज्या बसवकल्याण तालुक्यात मोडते, त्याचे मुख्य ठाणे म्हणजेच चालुक्यांची प्राचीन राजधानी कल्याणी. अकराव्या शतकात पहिल्या सोमेश्वराने मान्यखेट सोडून येथे राजधानी वसविली. ही नगरी एका दिवसात पाहावी, म्हणून आम्ही एकटेच मुडबीहून निघालो.

प्रथम किल्ला पाहिला. त्याचे आजचे रूप बहुतांशी बहामनी व त्यानंतरच्या काळातील आहे. चालुक्यांचा वाडा शोधू जाता सापडत नाही. किल्ल्यातील संग्रहालयात मांडलेल्या जुन्या मूर्ती आणि जवळच्या नारायणपूरचे शिवमंदिर, एवढ्यांवरूनच त्या वैभवाची कल्पना करावी लागते.

मग ती नगरी गेली कोठे? सोबती नसला म्हणजे असे प्रश्न स्वतःलाच विचारावे लागतात. उत्तर आम्हांस ग्रंथांत मिळाले. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत (इ. स. १०७६–११२६) येथे विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ रचली. बंगालसारखा भाग वगळता हिंदूंच्या वारसाहक्काचे निवाडे शतकानुशतके तिच्याच आधारे होत आले. विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. आजीच्या ओवीचा इतका जुना दाखला याच राजधानीतला! पुढे त्याच बाराव्या शतकात येथे बसवेश्वरांची वचने घुमली. गावाच्या आजच्या नावातील ‘बसव’ तो त्यांचाच.

विद्यार्थिमित्रहो, अवशेष पाहावयास जाल तेव्हा त्या काळचा इतिहास आधी वाचून जा. वेळ एकच दिवसाचा असला, तरी काय शोधावयाचे हे ठाऊक असल्यास तो पुरतो.