अडकलेला क्रॉस काढताना



आमच्या घरी एक जुनी अँबेसेडर आहे. ही गाडी तयार होणे २०१४ साली बंद झाले, पण जपून ठेवणारे अजून आहेत. तिच्यात इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. मधले अंतर जोडतो तो प्रोपेलर शाफ्ट. खड्ड्यात मागचा एक्सल वरखाली होतो, म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतो. गलोलीच्या बेचक्यासारखे दोन योक आणि मध्ये चार हातांचा क्रॉस. प्रत्येक हातावर एक कप, आत सुईसारखे बारीक रोलर.

जोड दोनच का? एकट्या जोडाने १० अंशांचा कोन केला, तर एका बाजूला मिनिटाला १००० फेरे असताना दुसऱ्या बाजूचा वेग प्रत्येक फेऱ्यात ९८५ ते १०१५ असा कमीजास्त होत राहतो. दुसरा जोड हा फरक भरून काढतो. मात्र शाफ्टच्या दोन टोकांचे योक एका रेषेत हवेत. म्हणून सोडवण्यापूर्वी फ्लँजवर आणि शाफ्टच्या सरकत्या जोडावर खुणा कराव्यात.

ग्रीस वाळले, पाणी शिरले की रोलर गंजतात. गिअर टाकताना 'टक्' असा आवाज येतो, वेगात गाडी थरथरते. जोड तुटून चालत्या गाडीचा शाफ्ट खाली पडला, तर आत बसलेल्यांच्या जिवावर बेतते. असिरगडच्या घाटात असे झाले तर काय, याचा विचार करा.

मागे क्रॉस बदलायला मीच बसलो. कप गंजून योकमध्ये घट्ट धरला होता. घाई केली, घण उचलला. कप निघाला, पण योकचा कान वाकला. नवा क्रॉस बसवला तर हाताने फिरेना. शेवटी शाफ्टच दुसरा आणावा लागला. जिथे एका क्रॉसचे काम होते, तिथे शाफ्टचा खर्च पदरी पडला. तो धडा तुमच्यासाठी लिहितो.

१. सपाट जागेवर चाकांना ओट लावा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. डोळ्यांना चष्मा हवा.

२. शाफ्ट खाली काढून कपांभोवतीची माती तारेच्या ब्रशने साफ करा. गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर राहू द्या.

३. सर्क्लिप निघत नसेल, तर कपावर आतल्या दिशेने हलका ठोका द्या. क्लिपवरचा ताण सुटतो.

४. आता व्हाइस वापरा. एका कपावर त्याच्यापेक्षा लहान गोटी, समोरच्या कपावर त्याच्यापेक्षा मोठी गोटी ठेवा. हळूहळू आवळा. समोरचा कप मोठ्या गोटीत बाहेर येतो. तो व्हाइसमध्ये धरून योक ठोकत सोडवा. मग उलट बाजूने क्रॉसचा मोकळा हात दाबला की दुसरा कप निघतो.

५. तरीही हलला नाही, तर क्रॉसचे हात कापा. तो टाकूनच द्यायचा आहे. मग प्रत्येक कप आतल्या बाजूला ठोकून काढता येतो. योक मात्र वाचला पाहिजे.

नवा क्रॉस बसवताना रोलर ग्रीसने चिकटवा. एकही सुई आडवी पडता कामा नये. सर्क्लिप नव्या लावा. जोड चारही दिशांना हाताने सहज फिरला पाहिजे, मगच शाफ्ट खुणा जुळवून चढवा.

पुढच्या वेळी मी याच रीतीने काम केले. पूर्ण सकाळ गेली, घणाला हात लावला नाही, आणि दुपारी गाडी बिनआवाज चालली. तुमच्यापैकी ज्यांना मोटरचे काम शिकायचे आहे, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे : जे टाकायचे आहे त्याच्यावर जोर काढा, जे परत वापरायचे आहे त्याला जपा.