दोन जिवांचा ताण : गर्भवतीचे मन आणि अर्भकाचे शरीर

आपल्याकडे गर्भवतीला 'दोन जिवांची' म्हणतात. तिच्यासमोर वाईटसाईट बोलू नये, तिचे डोहाळे पुरवावेत, सातव्या महिन्यात ओटी भरावी आणि पहिल्या बाळंतपणाला तिने माहेरी जावे, अशी रीत आहे. या रीतींत काही भाबड्या समजुती मिसळल्या आहेत हे खरे. परंतु आईच्या मनाला लागलेले पोटातल्या जिवालाही लागते, ही जाण त्यांच्या मुळाशी आहे. गेल्या काही दशकांत मानसशास्त्राने आणि शरीरशास्त्राने या समजुतीची कसून तपासणी केली. तीत काय टिकले, काय टिकले नाही, आणि आपल्या कारेगाव परिसरातील स्त्रियांच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ताणाचे संप्रेरक

ताणाची शास्त्रीय कल्पना हान्स सेल्ये या संशोधकाने १९३६ सालापासून मांडली. संकट जाणवले की मेंदूच्या तळाशी असलेला एक छोटा भाग पीयूषिका ग्रंथीला निरोप धाडतो. ती ग्रंथी तोच निरोप मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना पोहोचवते आणि या ग्रंथी कॉर्टिसोल नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. त्यामुळे रक्तातील साखर वाढते आणि शरीर सामना करण्यास सिद्ध होते. संकट टळले की संप्रेरकाची पातळी उतरते. निरोगी माणसात ती सकाळी जाग आल्यानंतर सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते.

कॉर्टिसोल हा शत्रू नव्हे. गरोदरपणात त्याचे प्रमाण स्वाभाविकपणेच वाढते आणि शेवटच्या आठवड्यांत बाळाची फुप्फुसे पक्व होण्यास त्याची मदत होते. अकाली प्रसूतीची भीती असल्यास डॉक्टर आईला त्याच जातीचे औषध टोचतात. लिगिन्स आणि हॉवी यांनी न्यूझीलंडमध्ये केलेल्या कामातून १९७२ साली हा उपाय पुढे आला. प्रश्न निर्माण होतो तो ताण टळतच नाही तेव्हा.

वारेचा पहारा

आईच्या रक्तातले सारेच कॉर्टिसोल बाळापर्यंत जात नाही. वारेमध्ये एक विकर असते. ते यातील बराचसा भाग निष्क्रिय करून टाकते. निसर्गाने बसविलेला हा पहारेकरीच म्हणावा. परंतु पहारेकऱ्यालाही पोटाला लागते! गाभण उंदरांना प्रथिने कमी दिली असता हे विकर क्षीण होते, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे अर्धपोटी आईच्या बाबतीत भूक आणि चिंता हे दोन वेगळे प्रश्न राहत नसावेत. एक दुसऱ्याला वाट करून देत असावा.

बाळांच्या लाळेत काय दिसले

कॉर्टिसोल लाळेतही मोजता येते, त्यामुळे तान्ह्या बाळांचा अभ्यास सुलभ झाला. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमधील दोन मनोऱ्यांवर हल्ला झाला, तेव्हा तेथे किंवा आसपास असलेल्या ३८ गर्भवतींचा आणि पुढे त्यांच्या बाळांचा अभ्यास रेचेल येहुदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्या मातांच्या मनावर त्या आघाताचा दीर्घ परिणाम राहिला होता, त्यांच्या सुमारे वर्षाच्या बाळांच्या लाळेत कॉर्टिसोल कमी आढळले. आघाताच्या वेळी शेवटची तिमाही चालू असलेल्या मातांच्या बाळांत हा फरक अधिक ठळक होता.

येथे वाचक बुचकळ्यात पडेल. ताण म्हणजे जास्त कॉर्टिसोल, मग बाळात ते कमी कसे? त्यात भर म्हणजे कॅलिफोर्नियातील २०११ सालच्या एका अभ्यासात उलट चित्र दिसले. गरोदरपणी ज्या मातांचे कॉर्टिसोल जास्त होते, त्यांच्या नवजात बाळांनी टाचेला सुई टोचल्यावर संप्रेरकाचा अधिक मोठा प्रतिसाद दिला. ही दोन्ही निरीक्षणे एकाच मापाची नव्हेत. एक रोजच्या पातळीचे, दुसरे क्षणिक वेदनेला दिलेल्या उत्तराचे. आघात आणि चिंता हेही एक नव्हेत. म्हणून 'आई रडली की बाळ बिघडले' असे सरळ समीकरण मांडता येत नाही. गर्भातील काळ बाळाच्या ताणयंत्रणेची घडण बदलू शकतो, एवढेच सावधपणे म्हणता येते.

आणि ही घडण म्हणजे ललाटीची रेघ नव्हे. लंडनमधील २०१० सालच्या अभ्यासात गर्भजलातील कॉर्टिसोल जास्त असलेल्या मुलांची बौद्धिक वाढ काहीशी मागे दिसली. पण ज्या मुलांचे आईशी निर्धास्त नाते जुळले होते, त्यांच्यात हा संबंध आढळला नाही. जन्मानंतरची माया पुष्कळ काही सावरून घेऊ शकते, असे यावरून दिसते.

आपल्याकडील पुरावा

हे सारे परदेशातले झाले. आपल्या जवळचा महत्त्वाचा अभ्यास गोव्यातला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तेथील एका जिल्हा रुग्णालयात शेवटच्या तिमाहीतील २७० गर्भवतींची पाहणी केली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा २३ मातांना नैराश्याने ग्रासले होते. आणि त्यांतील तीनचतुर्थांशांहून अधिक जणींचा मानसिक त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता. याच पाहणीतून २००६ साली असेही मांडण्यात आले की, मनाने त्रस्त असलेल्या मातांना अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ होण्याचा संभव अधिक असतो. या त्रासाच्या कारणांत गरिबी होती, नवऱ्याशी बिघडलेले संबंध होते, आणि मुलाची आस असताना मुलगी होणे हेही होते.

हे वाचताना मला माझी वहिनी आठवली. दोन मुलींनंतर तिला दिवस गेले, तेव्हा घरी येणारी प्रत्येक बाई 'आता मुलगाच होऊ दे' असा आशीर्वाद देई. वहिनी मान खाली घालून चहा ठेवायला आत जाई. 'वहिनी, तुम्ही आनंदात राहा,' असे मीही तिला म्हटले होते. आशीर्वाद देणाऱ्यांना मात्र मी काही म्हटले नाही.

आपल्या जिल्ह्यातही मोलाचे काम झाले आहे. वढू बुद्रुक येथे ग्रामीण रुग्णालय चालविणाऱ्या पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातर्फे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरले. या अभ्यासाचा विषय पोषण होता, संप्रेरके नव्हे. पण घरातील व शेतातील कामाचा भार ज्या मातांवर अधिक होता त्यांची बाळे लहान भरली, हा त्याचा निष्कर्ष आपल्या विषयाला येऊन भिडतो.

कारेगावच्या आसपास

कारेगाव हे रांजणगाव औद्योगिक वसाहतीला लागून असलेले गाव. मराठवाडा, विदर्भ आणि परप्रांतांतून आलेली तरुण जोडपी येथे भाड्याच्या एकेका खोलीत राहतात. नवरा रात्रपाळीला, सासर-माहेर शेकडो मैलांवर, शेजारीण अनोळखी. सातव्या महिन्यात ओटी भरायची ती कोणी? कायद्याने २०१७ साली प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली. पण कंत्राटावरच्या कामगार स्त्रीला ती मागितल्यास कामच जाईल ही धास्ती असते.

शिरूर-दौंडच्या उसाच्या फडात तर याहून बिकट स्थिती. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात. मुकादमाची उचल घेतलेली असते आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. पोटात कळ आली तरी मोळी डोक्यावर घ्यावी लागते. अशा स्त्रीला 'मन प्रसन्न ठेवा' असे सांगणे म्हणजे तिची थट्टाच नव्हे काय?

समारोप

गर्भवतीचा ताण हा तिच्या एकटीच्या स्वभावाचा दोष नाही. तो घरातून, कामावरून आणि समाजातून तिच्याकडे येतो. म्हणून त्यावरचा उपायही तेथेच शोधला पाहिजे. गोव्यातच वस्तीतल्या साध्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नैराश्यग्रस्त गर्भवतींच्या भेटीला पाठविण्याचा प्रयोग झाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेला त्याचा परिणाम थोडा पण आशादायक होता. अशा भेटी मिळालेल्या स्त्रियांपैकी अधिक जणी सहा महिन्यांत बऱ्या झाल्या. त्या भेटींना ना औषध लागले, ना यंत्र.

आपण विद्यार्थी याहून थोडे तरी करू शकतो. शेजारच्या खोलीतील गरोदर ताईचा पाण्याचा हंडा उचलावा, तिच्याजवळ घटकाभर बसावे, आशाताईंशी तिची गाठ घालून द्यावी. आणि 'मुलगाच होऊ दे' असे कोणी म्हणाले तर, वडीलधाऱ्यांचा मान राखून का होईना, आपण बोलावे. गर्भवतीने आनंदात राहावे असे वाटत असेल, तर तो आनंद तिच्याकडे मागण्यापेक्षा आपण तिला दिला पाहिजे.